फुकटचा वजीर

तपासनिसांच्या फोनवर बुद्धिबळाची कोडी घालून दिली ती त्यांच्या बायकोनं, आणि त्याला कारण झालं साखरेचं पुडकं.

गृहस्थांनी उभी हयात वजनमापं तपासण्यात घालवली होती. दुकानात शिरायचं, काट्याखाली बोट घालून बघायचं, वजनं उलटी करून त्यांच्या पोटात शिसं भरलंय की काढलंय ते बघायचं आणि दुकानदाराच्या कपाळावरच्या घामावरून चोरी केवढी असेल याचा अंदाज बांधायचा, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण सवय कुठे निवृत्त होते? ती त्यांच्याबरोबर घरी आली आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन बसली. किराणा आला की तपासनीस एकेक पुडकं काट्यावर ठेवायचे. भाजी चिरली की सालांचं वेगळं वजन करायचे. एके दिवशी त्यांनी साखरेचं पुडकं उचलून हातात तोललं आणि बायकोला विचारलं, "सकाळपासून चहा किती झाले?"

बायकोनं पुडकं डब्यात ठेवून दिलं. त्यांचा फोन मागून घेतला, लेकीकडून त्यात कोड्यांचं ॲप टाकून घेतलं आणि फोन परत देताना म्हणाली, "हे घ्या. यात कोण कुठे लबाडी करतंय ते शोधायचं असतं. तुमच्यासारख्याचंच काम आहे."

तपासनीस बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसले ते बसलेच. बायकोनं त्या दिवशी कित्येक महिन्यांनी निवांतपणे, न मोजता, चहात साखर घातली.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. बुद्धिबळाचं कोडं म्हणजे अख्खा डाव नव्हे. डावातला मधलाच एखादा प्रसंग मांडून ठेवलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात. ही मात सरळ रस्त्यानं कधी होत नाही. आपला सगळ्यात भारी मोहरा, म्हणजे वजीर, उचलून समोरच्याच्या तोंडात द्यावा लागतो. समोरच्यानं तो हावरटासारखा मटकावला की मागून घोडा येतो आणि राजाचा गळा धरतो. बहुतेक कोड्यांचं सार एकच. फुकट दिसतं ते घेतलंत की मेलात.

हे तपासनिसांना इतकं पटलं की ते जवळजवळ हळवे झाले. आयुष्यभर आपण जे घसा फोडून सांगत आलो तेच हा खेळ सांगतोय. भाजीवालीनं वर एक लिंबू टाकलं तर ते त्यांनी परत नेऊन दिलं आणि तिच्या हातगाडीकडे लांबून बराच वेळ बघत उभे राहिले. शेजाऱ्यानं न मागता शिडी आणून दिली, तर त्यांनी ती भिंतीला उभी करून ठेवली आणि बल्ब स्टुलावर चढूनच बदलला. डॉक्टर म्हणाले, "तब्येत उत्तम आहे, काही घ्यायची गरज नाही," तर हे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

"कुठेतरी पाणी मुरतंय," हे त्यांचं पालुपद झालं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली नाही, आणि घरातल्यांनाही तेव्हा तिचं महत्त्व वाटलं नाही. तपासनीस पुरा डाव असा कधी कोणाशी खेळलेच नव्हते. कोडं सोडवणाऱ्याला आधीच ठाऊक असतं की इथे काहीतरी दडलंय. डावात तसं खाली लिहून ठेवलेलं नसतं.

अशा या घरात लेकीनं एक दिवस जेवताना सांगितलं की तिला लग्न करायचंय.

लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. एका बेकरीवाल्याचा मुलगा तिच्याकडे चष्मा बदलायला आला होता. भट्टीपुढे उभं राहिलं की काचांवर वाफ धरते, अशी त्याची तक्रार. काचा तिनं बदलून दिल्या, वाफ धरायची थांबली, तरी तो येतच राहिला. आता बेकरीची दुसरी शाखा लांबच्या गावात निघणार होती आणि महिनाअखेर मुलगा ती सांभाळायला तिकडे जाणार होता. जायच्या आधी ठरलं तर दोघांनी मिळून घर बघायचं, तिनं तिथे नोकरी शोधायची. नाही ठरलं तर तो तिकडे आणि ती इकडे.

"मुलाबद्दल तुला काय माहिती आहे?" तपासनिसांनी विचारलं.

"सगळं. साधा आहे. कष्ट करतो. मला आवडतो."

"साधा आहे म्हणतेस," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी घास खाली ठेवला.

"बाबा, मी तुमच्या मनाविरुद्ध काही करणार नाही. पण नाही म्हणायचं असलं तर कारण सांगायचं. पाणी मुरतंय हे कारण नाही."

बायको ताटाकडे बघत म्हणाली, "भेटा तर खरं. माणसं आहेत, काटे नाहीत."

बेकरीवाले रविवारी सहकुटुंब आले. माणूस गोल, हसरा, मनगटापर्यंत जणू कायमचं पीठ लागलेला. त्यांच्या दुकानात पाव घेतले की वर एक टाकायची रीत होती आणि तीच रीत ते बोलण्यातही पाळायचे. तपासनिसांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"लग्न साधेपणानं करावं असं आम्हाला वाटतं."

"अगदी बरोबर. साधंच करू."

"पण आमचे नातेवाईक बरेच आहेत. मोठंही करावं लागेल."

"मग मोठं करू. केक आमचा."

"मुलगी नोकरी सोडणार नाही."

"का म्हणून सोडावी? तिकडे आपल्या दुकानाला लागूनच चष्म्याचं दुकान आहे. मी बोलून ठेवलंय."

तपासनीस खुर्चीत पुढे सरकले. "तिला स्वयंपाकाची फारशी आवड नाही."

"मुलगा करतो की. माझ्यापेक्षा बरा करतो."

तपासनीस उठले आणि स्वयंपाकघरात गेले. पाठोपाठ लेकही आली. बाबा काट्यापुढे उभे होते आणि काट्यावर पाहुण्यांनी आणलेला केक होता.

"डब्यावर एक किलो लिहिलंय," ते कुजबुजले. "भरतोय सव्वा."

"मग चांगलंच आहे ना."

"चांगलं? माझ्या अख्ख्या नोकरीत जास्त माप देणारा एकच दुकानदार भेटला, त्याचं दुकान मी दोन दिवस बंद ठेवलं होतं. कमी देणारा काय चोरतोय ते कळतं तरी. जास्त देणाऱ्याचं काही कळत नाही. हा माणूस प्रत्येक गोष्टीला हो म्हणतोय. एक मोहरा राखून ठेवत नाहीये. का?"

"कारण त्यांनाही हे लग्न व्हावंसं वाटतं. यात काही डाव नाही, बाबा."

"डाव नाही असं कधी नसतं."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून तपासनिसांनाही वाईट वाटलं. लेकीवर त्यांचा जीव होता, आणि खरं सांगायचं तर तेच तर सगळं दुखणं होतं. दुसऱ्याच्या दुकानातली चूक राहून गेली तर कोणाचा पाव किलो गूळ जाईल, इथे चूक झाली तर लेक जाणार होती. ते बाहेर आले आणि पाहुण्यांना म्हणाले, "विचार करून कळवतो."

बेकरीवाले म्हणाले, "हवा तेवढा करा." तेही तपासनिसांना खटकलं.

आठवडा गेला, तरी विचार संपेना. महिनाअखेर जवळ येऊ लागली. शेवटी लेकीनं आणि त्या मुलानं आपापसांत डोकं चालवलं. बाबांना बुद्धिबळाचं वेड आहे. मुलाच्या वडिलांना निदान मोहरे कसे चालतात एवढं तरी येतं. दोघांना समोरासमोर बसवावं, बाबांना जिंकू द्यावं. जिंकलेला माणूस खुशीत असतो आणि खुशीतला माणूस हो म्हणतो. योजना इतकी सोपी होती की त्यात बिघडण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"पप्पा, फक्त हरायचं," मुलानं बापाला बजावलं. "बाकी काही करू नका."

"त्यात काय अवघड आहे? मला कुठे खेळता येतं."

"तरी. देता येईल ते देऊन टाका."

"देण्याचं तू मला शिकवू नकोस," बेकरीवाले म्हणाले.

दुसऱ्या रविवारी दिवाणखान्यातल्या छोट्या टेबलावर पट मांडला गेला. तपासनिसांनी आधी पट सरळ आहे ना ते बघितलं. मग एकेक मोहरा उचलून उलटा केला, बुडाला लावलेलं कापड अंगठ्यानं दाबून बघितलं आणि परत ठेवला. पाहुणे म्हणून पांढरे मोहरे बेकरीवाल्यांना दिले. स्वयंपाकघराच्या दारात दोघांच्या आया उभ्या राहिल्या, म्हणजे एक लेकीची आई आणि एक मुलाची. लेक आणि मुलगा सोफ्याच्या दोन टोकांना बसले.

बेकरीवाल्यांनी एक प्यादं पुढे केलं. तपासनिसांनी बराच विचार करून घोडा काढला. मग बेकरीवाल्यांनी आपला उंट उचलला, पटाच्या पार कडेला नेला आणि तपासनिसांच्या प्याद्याच्या अगदी तोंडापुढे ठेवला. देऊन टाकायचं तर उशीर कशाला, असा त्यांचा साधा हिशेब. ठेवून झाल्यावर ते प्रसन्नपणे हसले.

तपासनीस पटावर वाकले. फुकट उंट. पहिल्याच दमात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उंट खाल्ला तर काय होतं? काहीच होत नव्हतं. निदान दिसत तरी नव्हतं, आणि नेमकं तेच वाईट होतं. ज्या सापळ्याचा दात दिसतो तो सापळा नवशिक्याचा. त्यांनी उंटाला हात न लावता आपला हत्ती गुपचूप एक घर सरकवून ठेवला.

"घ्यायचा नाही?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

"बघू," तपासनीस म्हणाले.

बेकरीवाले जरा गडबडले. त्यांनी सोफ्याकडे बघितलं. मुलानं डोळ्यांनीच खुणावलं, अजून द्या. मग त्यांनी वजीर बाहेर काढला, आणि पुढच्या खेपेला तो पटाच्या मधोमध, तपासनिसांच्या घोड्याला सहज खाता येईल असा आणून उभा केला.

यानंतर जे झालं त्याला डाव म्हणायचं की मुक्काम, हे ज्याचं त्यानं ठरवावं. तपासनीस टेबलावर कोपरं टेकून वजिराकडे बघत बसले. चहा आला, निवला, परत गेला. दुसरा आला. मुलाच्या आईनं दारातच एक डुलकी काढली. बेकरीवाल्यांनी दोनदा खाकरून, एकदा चक्क बोट दाखवून सुचवलं की वजीर तिथेच आहे.

"दिसतोय मला," तपासनीस म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "तुम्ही बोट कशाला दाखवताय?"

"नाही, म्हटलं राहून जायला नको."

"माझ्या नजरेतून आजवर काही राहिलेलं नाही."

आणि त्यांनी कडेचं एक निरुपद्रवी प्यादं एक घर पुढे ढकललं.

लेकीनं उशी तोंडावर धरली. आता बेकरीवालेही चिडले. ह्या माणसाला द्यायचं तरी कसं? दुकानात लोक एका जादा पावासाठी हात पुढे करतात, आणि इथे अख्खा वजीर तासभर उभा आहे तर कोणी विचारत नाही. त्यांनी घोडा काढला आणि दोन चालींत तो तपासनिसांच्या दोन दोन प्याद्यांच्या तोंडात नेऊन दिला. तपासनिसांनी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. राजा त्यांनी मुळात जागचा हलवलाच नव्हता. आजूबाजूचे मोहरेही जिथल्या तिथे. सगळं कसं गच्च, बंदोबस्तात.

"हा तरी घ्या," बेकरीवाले जवळजवळ गयावया करत म्हणाले, आणि तोच घोडा उचलून त्यांनी थेट काळ्या राजाच्या नाकासमोर, राजापुढच्या प्याद्याच्या तोंडात ठेवला. यापुढे ठेवायला जागाच नव्हती.

राजाला शह होता. तपासनीस एकदम सावरून बसले. हा घोडा घ्यायलाच हवा. दुपारभरात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी घ्यायचं ठरवलं. हात प्याद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. प्यादं हललं की मधोमध उभा असलेला तो फुकटचा वजीर सरळ राजावर येत होता. म्हणजे प्यादं हलवता येत नाही. राजा हलवावा तर चहूबाजूंनी आपलीच माणसं, एक घर मोकळं नाही. मधला तो वजीर आताही घोड्याला खाता आला असता, पण त्याचा आता काही उपयोग नव्हता.

तपासनिसांनी हात मागे घेतला.

"मात," तपासनीस हळूच म्हणाले.

"कोणाला?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

"मला."

बेकरीवाल्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "नाही नाही. असं कसं होईल? मी परत घेतो. घोडा परत घेतो. हे बघा, घेतला." ते घोडा उचलायला वाकले तेव्हा तपासनिसांनी त्यांचं मनगट धरलं.

"ठेवलेला मोहरा परत घ्यायचा नसतो," ते म्हणाले आणि उठून बाल्कनीत गेले.

पाहुणे चोरासारखे निघून गेले. जाताना मुलगा बापाला जिन्यातच म्हणाला, "एक काम सांगितलं होतं तुम्हाला." बेकरीवाले एकेक पायरी मोजत उतरले. आयुष्यात ते पहिल्यांदाच काहीतरी जिंकले होते आणि ते असं.

लेकीनं रात्री जेवण केलं नाही. सकाळी तिनं शेवटचा उपाय म्हणून बाबांना सगळं खरं सांगितलं. ते काका मुद्दाम हरायला बसले होते, त्यांना खेळता येत नाही, जे झालं ते चुकून झालं, राग धरू नका. बोलता बोलता तिला रडू फुटलं.

तपासनिसांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्यासमोर पट तसाच मांडलेला होता.

"चुकून?" ते म्हणाले. "उंट चुकून दिला, वजीर चुकून दिला, आणि चुकून घोड्यानं मात केली? हे तुला त्या मुलानं सांगितलं ना? वाटलंच. किती नम्र माणसं आहेत. बाळ, मी रोज एवढी कोडी सोडवतो, असं एकही पाहिलं नाही. खाल्लं तर मरायचं हे मला ठाऊक होतं. न खाल्लं तरी मरायचं, ही त्यांची करामत."

"बाबा, त्यांना खरंच काही येत नाही."

"कळव त्यांना, आपला होकार आहे."

लेक रडायची थांबली. आई स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊन बाहेर आली.

"इतका खोल माणूस," तपासनीस पटाकडे बघत म्हणाले, "आणि वरून बघा कसा, पाव विकतो. अशा घरात मुलगी द्यायला मला काही अडचण नाही. फक्त एक अट. दर रविवारी व्याह्यांनी माझ्याशी एक डाव खेळायचा."

बायकोनं झारा खाली ठेवला आणि लेकीला दंडाला धरून आत नेलं. "आता एक अक्षर खरं बोलायचं नाही," ती म्हणाली.

होकार मिळाला, दोन्ही घरांत आनंदीआनंद झाला. फक्त बेकरीवाल्यांची झोप उडाली. रविवार जवळ येत होता. पुन्हा चुकून जिंकायचं कसं, हा प्रश्न होता. मुलगा म्हणाला, "थोडं शिकून घ्या पप्पा, सोपं आहे," आणि त्यानं बापाच्या फोनवर तेच ॲप टाकून दिलं.

बेकरीवाले भट्टीच्या बाजूला, पिठाच्या पोत्यावर बसून कोडी सोडवू लागले. पहिल्या दिवशी त्यांना काही सुटेना. फुकटचं दिसलं की ते खायचे आणि मरायचे. भला माणूस, त्याला वाटायचं की समोरचा प्रेमानं देतोय. मग हळूहळू डोळे उघडले. उघडले ते जरा जास्तच उघडले. दुकानात त्यांनी वर एक पाव टाकायचं बंद केलं. पीठवाल्यानं पोतं वेळेआधी पोचवलं तर त्याला विचारलं, "आज इतक्या लवकर कसं काय?" रोजचं गिऱ्हाईक "काका, तब्येत बरी ना?" म्हणालं, तर ते गेल्यावरही त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

आणि एका सकाळी कणीक मळता मळता ते बायकोला म्हणाले, "एक सांग मला. त्यांनी होकार असा एकाएकी कसा दिला?"

"म्हणजे?"

"म्हणजे आठवडाभर विचार करतो, विचार करतो. मी सगळ्याला हो म्हटलं तेव्हा नाही दिला. आणि मी त्यांना हरवलं की लगेच? हरलेला माणूस मुलगी देतो का? एकुलती एक मुलगी. शिकलेली, दिसायला चांगली. एक अट म्हणून घातली नाही, रविवारच्या डावाशिवाय. कुठेतरी पाणी मुरतंय."

बायकोचे हात पिठात थांबले. "अहो, त्यांना तुम्ही आवडलात."

"मी? का?"

तारीख पक्की करायला तपासनिसांच्या घरून फोन आला, तेव्हा बेकरीवाले म्हणाले, "विचार करून कळवतो." मुलानं कपाळावर हात मारला. त्याची जायची तारीख तोंडावर आली होती, तिकडचा घरमालक घर दुसऱ्याला देतो म्हणत होता, आणि इकडे ज्या माणसानं आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नव्हतं तो भट्टीकडे पाठ करून फोनमध्ये तोंड खुपसून बसला होता. लेकीनं नोकरी सोडत असल्याचं सांगून टाकलं होतं. तिला दुकानात मैत्रिणी विचारायच्या, "कधी ठरलं?" आणि ती दुसऱ्याच कोणाचा तरी डोळा तपासायला घ्यायची.

शेवटी मुलाच्या आईनं लेकीच्या आईला फोन लावला.

"विहीणबाई, एक विचारू? तुमच्याकडे हे सुरू झालं तेव्हा तुम्ही बंद कसं केलंत?"

"बंद? मीच सुरू केलं होतं."

"काय सांगता?"

"अहो, साखर मोजायचे हे. आता बाल्कनीत बसतात. उपाय औषधासारखा लागू पडला, पण जरा जास्तच." तपासनिसांच्या बायकोनं आवाज उतरवला. "बंद करायच्या भानगडीत पडू नका. रविवारी घेऊन या त्यांना. दोघांना समोरासमोर बसवू."

"आणि मग?"

"मग आपण आपलं काम करू."

रविवारी पट मांडला गेला. या वेळी मोहरे उलटे करून दोघांनी तपासले. तपासनिसांनी प्यादं पुढे केलं. बेकरीवाल्यांनी त्या प्याद्याकडे असं बघितलं, जणू ते बिचारं एकटं का आलं याचाच संशय यावा. थोड्या वेळानं तपासनिसांचा एक उंट आणि बेकरीवाल्यांचा एक घोडा एकमेकांच्या तोंडात आले. कोणी कोणाला खाल्लं नाही. मग दोन प्यादी समोरासमोर आली, मग हत्तीच्या वाटेत वजीर आला. दिवाणखान्यात पाल चुकचुकली असती तरी ऐकू आलं असतं. पटावरचा एकही मोहरा कमी झाला नव्हता आणि दोघे बाप एकमेकांच्या कपाळावरचा घाम निरखत होते.

आतल्या खोलीत दोन्ही आया, लेक आणि मुलगा पलंगावर बसले होते. अधूनमधून आतून आवाज यायचा.

"अहो, पुढच्या महिन्याची वीस तारीख चालेल का?"

"हं," दोघेही म्हणायचे, पटावरून नजर न काढता.

"हॉल तो बागेजवळचा घेतोय."

"हं."

"आणि पाहुणे दोन्हीकडचे सारखे."

"हं, हं. जरा शांत बसता का?"

चहा होईपर्यंत लग्न ठरलं. तारीख, हॉल, पत्रिका, तिकडच्या घराचं सामान, सगळं. इतकं बिनबोभाट लग्न ठरलेलं त्या दोघींनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. लेक बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा खुलला होता. तिनं चहा आणि बेकरीतल्या बिस्किटांची ताटली पटाशेजारी ठेवली. विचार करता करता दोघांनी नकळत ताटली रिकामी केली, आणि एकच बिस्किट उरलं तेव्हा दोघेही एकदम भानावर आले.

"घ्या," तपासनीस म्हणाले.

बेकरीवाल्यांनी बिस्किटाकडे बघितलं, मग तपासनिसांकडे. "नको. तुम्ही घ्या."

"तुम्ही पाहुणे आहात."

"घर तुमचं आहे."

"तुमच्याच दुकानाचं आहे ते."

"म्हणूनच म्हणतो, तुम्ही घ्या."

ताटली दोघांच्या मधे इकडून तिकडे सरकत राहिली. तेवढ्यात मुलगा आतून आला. टेबलाजवळ थांबून त्यानं ताटलीतलं बिस्किट उचललं, मधोमध मोडलं, अर्धं लेकीला दिलं आणि अर्धं स्वतःच्या तोंडात टाकलं.

तपासनीस आणि बेकरीवाले दोघेही डाव सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. मुलानं आणि लेकीनं बिस्किट चावलं, गिळलं, वर दोघं पाणीही प्यायली. मग मुलगा लेकीला म्हणाला, "चल, घरमालकाला फोन करू," आणि ती दोघं बाल्कनीत गेली.

"काही झालं नाही त्यांना," थोड्या वेळानं बेकरीवाले म्हणाले.

"अजून नाही," तपासनीस म्हणाले. "तुमची चाल."